पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई (२३ एप्रिल, इ.स. १८५८ - ५ एप्रिल, इ.स. १९२२) या संस्कृत विदुषी, समाजसुधारक, शिक्षणतज्ज्ञ आणि बायबलच्या मराठी अनुवादक होत्या. मुंबईतील शारदा सदन व केडगाव येथील मुक्ती सदन या संस्था त्यांनी स्थापन केल्या. विधवा, अनाथ आणि दुष्काळग्रस्त मुलींसाठी त्यांनी उभारलेल्या ख्रिस्ती शिक्षणात साधी राहणी, अंगमेहनत आणि प्रार्थना यांना मध्यवर्ती स्थान होते.

बालपण

रमाबाईंचा जन्म सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले होते. त्यामुळे त्यांना सनातनी मंडळींचा रोष पत्करावा लागला. रमाबाईंना संस्कृतचे पाठ आईकडूनच मिळाले. डोंगरे कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराणे सांगत देशभर फिरे. दक्षिणेतील दुष्काळात आई-वडील आणि पाठोपाठ थोरली बहीण यांचे निधन झाले. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास पायी प्रवास करीत इ.स. १८७८ मध्ये कोलकात्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

विवाह व ख्रिस्ती धर्माचा स्वीकार

बंधूंच्या निधनानंतर इ.स. १८८० मध्ये रमाबाईंनी बंगाली वकील बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला. इ.स. १८८२ मध्ये पतीचे निधन झाल्यावर त्या कन्या मनोरमा हिला घेऊन पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. इ.स. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील धर्मभगिनींच्या मठात राहत असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. धर्मांतरानंतरही त्यांनी साडी व शाकाहार सोडला नाही. धर्मविषयक प्रश्नांत मठातील वरिष्ठांचे सर्व म्हणणे त्यांनी निमूटपणे मान्य केले नाही. चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात त्यांनी अध्ययन व संस्कृतचे अध्यापन केले.

इ.स. १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी फ्रोबेल यांच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. खेळ, वस्तू आणि हाताने करावयाची कामे यांतून शिकवण्याची ही पद्धत त्यांनी पुढे आपल्या शाळेत आणली.

शारदा सदन

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास हलवण्यात आले. संस्थेत धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळण्याचे धोरण होते व मुलींना आपापले आचार पाळण्याची मुभा होती. सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई यांचा इ.स. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला.

रमाबाई रोज आपल्या खोलीत प्रार्थना करीत व त्या वेळी खोलीचे दार उघडे ठेवीत. काही मुली आपणहून तेथे येऊन बसू लागल्या. प्रार्थनेस कोणावरही सक्ती नव्हती. परंतु येणाऱ्यांना थांबवण्यास रमाबाईंनी नकार दिला. ज्यांच्या विश्वासावर पालकांनी मुली पाठवल्या होत्या, त्या सल्लागारांना हा वचनभंग वाटला. केसरीने कडक टीका केली. इ.स. १८९३ मध्ये न्या. महादेव गोविंद रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर आदींनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुलींना परत नेले. संस्था मात्र टिकून राहिली.

मुक्ती सदन

इ.स. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन निराधार मुलींना आणले. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध असल्याने मुलींना केडगाव (ता. दौंड) येथील सुमारे १०० एकर जमिनीवर ठेवण्यात आले. मुक्ती सदनाचा उगम येथे झाला. इ.स. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील रहिवाशांची संख्या सुमारे २,००० पर्यंत पोहोचली.

येथे अक्षरओळखीबरोबर शेती, विणकाम, तेलघाणा, दुग्धव्यवसाय आणि छपाई ही कामे शिकवली जात. संस्थेचा बराचसा कारभार मुलीच चालवीत. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते, तर अंध स्त्रियांच्या शिक्षणात मनोरमाबाईंनी ब्रेल लिपीचा उपयोग केला. स्वतः रमाबाई अत्यंत साधेपणाने राहत. मात्र मुक्तीतील उपासना नेहमीच शांत नव्हती. इ.स. १९०५ च्या धर्मजागृतीत मुली मोठमोठ्याने सामूहिक प्रार्थना करू लागल्या आणि त्याची चर्चा परदेशांतही झाली.

बायबलचा अनुवाद

प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रियांना कळत नाही, असे रमाबाईंचे मत होते. स्वतः संस्कृत पंडित असूनही त्यांनी सोप्या मराठीचा आग्रह धरला. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची अखेरची सुमारे दीड दशके त्यांनी या कामाला दिली. मजकुराची जुळणी व छपाई मुक्ती सदनाच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनी केली. हा अनुवाद त्यांच्या मृत्यूनंतर, इ.स. १९२४ मध्ये प्रकाशित झाला.

अखेर व वारसा

ब्रिटिश सरकारने इ.स. १९१९ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. इ.स. १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले आणि पुढील वर्षी ५ एप्रिल रोजी रमाबाईंचे केडगाव येथे निधन झाले. भारतीय टपाल खात्याने इ.स. १९८९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. केडगाव येथील संस्था पंडिता रमाबाई मुक्ती मिशन या नावाने आजही कार्यरत आहे.