डायक्स्ट्रा कोण?

दुसऱ्या वर्षाच्या ओरलला एक्स्टर्नल सरांनी मला डायक्स्ट्राचा अल्गोरिदम विचारला. तो मी घडाघडा सांगितला. मग सरांनी विचारलं, हा डायक्स्ट्रा कोण? आपली बोलती बंद! त्याच रात्री मेसमधून येऊन वाचायला बसलो. तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

एड्सगर डायक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी हॉलंडमधल्या रॉटरडॅमचा. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, आई गणिती. लायडनला सैद्धांतिक भौतिकशास्त्र शिकताना १९५१ साली केंब्रिजला प्रोग्रॅमिंगचा उन्हाळी कोर्स केला, आणि गाडीने रूळ बदलले. १९५२ पासून ते ॲम्स्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रॅमर झाले. पण हा धंदा कोणाला माहीत? १९५७ साली लग्नाच्या नोंदणीत व्यवसाय म्हणून प्रोग्रॅमर लिहिलं, तर ते चालेना. शेवटी भौतिकशास्त्रज्ञ लिहावं लागलं.

आपण ज्याला घाबरतो तो अल्गोरिदम त्यांनी १९५६ मध्ये एका कॅफेत, होणाऱ्या बायकोबरोबर कॉफी पिताना, वीसेक मिनिटांत रचला. कागद-पेन्सिल जवळ नव्हती, म्हणूनच तो इतका सुटसुटीत झाला असं ते मानत. छापून आला १९५९ साली, जेमतेम तीन पानांत.

१९६२ मध्ये ते आइंडहोवनला गणिताचे प्राध्यापक झाले. तिथे मोजक्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी टी.एच.ई. ही ऑपरेटिंग सिस्टिम बांधली. आपल्या अभ्यासातला सेमाफोर ही त्यांचीच देणगी. पण पुढे विभागाने तो गटच मोडला आणि डायक्स्ट्रा नैराश्यात गेले. त्यातून सावरताना त्यांनी जे लिहून काढलं, ते स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंगवरचं प्रसिद्ध टिपण. बॅकलॉग लागला की जग बुडालं असं समजणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवावं.

१९६८ चं त्यांचं गो-टू विरुद्धचं पत्र सगळ्यांना माहीत असतं, त्यामागचं कारण मात्र कोणी सांगत नाही. ते कारण यंत्राचं नाही, माणसाच्या मनाचं आहे. स्थिर गोष्टींमधले संबंध आपल्याला चटकन कळतात. काळाबरोबर बदलत जाणारी प्रक्रिया डोळ्यांपुढे आणताना मात्र आपण कमी पडतो. म्हणून कागदावरचा प्रोग्रॅम आणि चालणारा प्रोग्रॅम यांच्यातलं अंतर कमीत कमी ठेवायचं. १९७२ चा ट्युरिंग पुरस्कार घेतानाही त्यांनी हेच मांडलं: आपली बुद्धी तोकडी आहे हे ओळखून नम्रपणे काम करा.

१९८४ मध्ये ते अमेरिकेत ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात गेले. त्यांची तेराशेहून जास्त टिपणं, त्यांतली बरीचशी फाउंटन पेनने लिहिलेली, आजही वाचायला मिळतात. १९८८ च्या एका टिपणात त्यांनी, पडद्यावर चित्रं हलवून प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरवर सडकून टीका केली. त्यांच्या मते विद्यार्थ्याने ज्याकडे दुर्लक्ष करायला शिकायचं, नेमकं तेच असं सॉफ्टवेअर ठळकपणे दाखवतं. बगला बग म्हणणंही त्यांना खपत नसे. ती कुठून तरी आत शिरलेली अळी नव्हे, आपणच केलेली चूक!

इथे माझं थोडं भांडण आहे. क्विक सॉर्ट मला कळला तो ॲनिमेशन बघूनच. पण तिसऱ्या वर्षी मिनी प्रोजेक्टला रात्रभर डीबगरमध्ये एकेक ओळ पुढे सरकवत बसलो होतो. व्हेरिएबल बदलताना सगळं दिसत होतं, कळत काहीच नव्हतं. पहाटे वैतागून मशीन बंद केलं. वहीत लूपच्या प्रत्येक फेरीला काय खरं राहिलं पाहिजे ते लिहिलं. अर्ध्या तासात चूक सापडली, आणि ती शंभर टक्के माझीच होती.

६ ऑगस्ट २००२ रोजी हॉलंडमधल्या न्यूनेन इथे कॅन्सरने त्यांचं निधन झालं. मित्रांनो, उद्या ओरलला कोणी डायक्स्ट्रा कोण असं विचारलं, तर नुसता अल्गोरिदम सांगून सुटू नका.