रिकाम्या चौकटीची मिरवणूक

उत्सव म्हटला की मिरवणूक आलीच. एरवी जो भाव मनातल्या मनात राहतो, तो त्या दिवशी रस्त्यावर येतो आणि साऱ्या गावाचा होतो. आपल्याला याचे विशेष वाटत नाही, कारण आपल्या वाटेत सहसा कोणी आडवे येत नाही. पोलंड देशात मात्र एक काळ असा आला, की घरातल्या प्रार्थनेपेक्षा रस्त्यावरच्या मिरवणुकीचे भय राज्यकर्त्यांना अधिक वाटू लागले. त्या काळात आपल्या लोकांना संतापाच्या आहारी जाऊ न देता श्रद्धेच्या वाटेवर चालत ठेवणाऱ्या एका धर्मपुरुषाचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यांचे नाव कार्डिनल स्टेफान विशिन्स्की.

पोलंड आम्हां महाराष्ट्रीयांस अगदीच अपरिचित नाही. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेल्या सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांना १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे आसरा मिळाला होता. त्यांची मायभूमी कॅथलिक ख्रिस्ती श्रद्धेत वाढलेली. तेथील चेंस्टोहोवा नगरीत यास्ना गुरा, म्हणजे उजळ टेकडी, या नावाचा मठ असून त्यात श्यामवर्ण मरियामातेचे प्राचीन चित्र आहे. मातेच्या गालावर जुन्या घावांचे व्रण दिसतात. राजधानी वॉर्सा येथून तिच्या दर्शनास पायी जाण्याची प्रथा १७११ पासूनची.

विशिन्स्की यांचा जन्म ३ ऑगस्ट १९०१ रोजी बूग नदीकाठच्या झुझेला या खेड्यात झाला. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. नवव्या वर्षीच स्टेफान मातृसुखाला पारखे झाले, आणि पुढे जन्मभर मरियेलाच त्यांनी आई मानले. धर्मगुरूपदाची दीक्षा घेण्याच्या वेळी ते इतके आजारी होते, की सोबत्यांबरोबर त्यांना दीक्षा घेता आली नाही. १९२४ मध्ये, आपल्या तेविसाव्या वाढदिवशी, त्यांनी ती एकट्याने घेतली. दोनच दिवसांनी त्यांनी आपली पहिली मिस्सा यास्ना गुरा येथे त्या चित्रासमोर अर्पण केली. १९४४ च्या वॉर्सा उठावाच्या काळात त्यांनी जखमींच्या इस्पितळात सेवा केली. १९४६ मध्ये ते लुब्लिनचे बिशप झाले आणि १९४८ मध्ये पोलंडच्या साऱ्या कॅथलिक चर्चचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले.

तोवर देशात साम्यवादी राजवट स्थिरावली होती. संघर्ष टळावा म्हणून १९५० मध्ये विशिन्स्की यांच्या पुढाकाराने चर्चने सरकारशी करार केला. काहींना ही माघार वाटली. परंतु १९५३ मध्ये धर्मगुरूंच्या नेमणुकाही सरकारच्या संमतीनेच व्हाव्यात असा हुकूम निघाला, तेव्हा मात्र त्यांनी नम्रपणे पण ठाम नकार दिला. २५ सप्टेंबरच्या रात्री त्यांना पकडून नेण्यात आले. त्या वेळी घरचा कुत्रा एका अधिकाऱ्याला चावला. ज्यांना अटक होत होती, त्यांनीच त्या अधिकाऱ्याच्या जखमेवर उपचार होईल असे पाहिले.

तीन वर्षे एकामागून एक चार ठिकाणी त्यांना स्थानबद्ध ठेवले गेले. १९५६ च्या मार्च महिन्यात राष्ट्राचे सूत्रधार बोलेस्लाव बिएरुत निवर्तल्याची वार्ता आली, तेव्हा या बंदिवानाने आपल्या छळकर्त्यासाठी प्रार्थना केली. पुढे कोमांचा येथील बंदिवासात त्यांनी साऱ्या राष्ट्रासाठी एक प्रतिज्ञा लिहिली. तीत राज्यकर्त्यांची निंदा नव्हती. व्यसन, आळस व उधळपट्टी सोडावी, गर्भातील जीवाचे रक्षण करावे, संसारात एकनिष्ठ राहावे, शेजाऱ्यावर प्रेम करावे, असा तिचा आशय. २६ ऑगस्ट १९५६ रोजी यास्ना गुरा येथे सुमारे दहा लक्ष लोकांनी ती घेतली. व्यासपीठावर विशिन्स्की यांची खुर्ची रिकामी होती. तीवर फुले ठेवली होती. त्याच दिवशी दूर कोमांचा येथे त्यांनीही तीच प्रतिज्ञा उच्चारली. पुढे दोनच महिन्यांत सरकारला त्यांची मुक्तता करावी लागली.

पोलंडने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याला १९६६ मध्ये एक सहस्र वर्षे पूर्ण होणार होती. त्याआधीची नऊ वर्षे त्यांनी लोकांच्या आत्मशुद्धीसाठी योजिली. मातेच्या चित्राची एक प्रतिकृती १९५७ पासून गावोगावी निघाली. प्रत्येक चर्चमध्ये एक दिवस व एक रात्र तिचा मुक्काम असे. लोक रात्रभर जागत, पापांची कबुली देत, जुनी वैरे मिटवीत. राजवटीला हेच सलू लागले. १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांना देशात येऊ दिले नाही, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पोलिसांनी काटोवित्सेच्या वाटेवर चित्र अडवून मठात परत नेले. ते पुन्हा बाहेर पडू नये म्हणून पहारे बसविले.

आता काय करावे? लोक संतापले असते, दगड उचलले गेले असते, तर रणगाड्यांना निमित्त मिळाले असते. पोलंडने तसे केले नाही. चित्राविना नुसती चौकट पुढे निघाली! तिच्यासोबत एक जळती मेणबत्ती आणि शुभवर्तमानाचा ग्रंथ. लोक त्या रिकाम्या चौकटीपुढे गुडघे टेकीत, तिच्यामागून चालत. चित्र का नाही, हे कोणालाच सांगावे लागत नव्हते. सहा वर्षे ही मिरवणूक अशीच चालली. अखेर १९७२ च्या जूनमध्ये काही धर्मगुरू व धर्मभगिनींनी पहारा चुकवून चित्र मठाबाहेर काढले आणि रादोम येथे ते पुन्हा चौकटीत विराजमान झाले.

विशिन्स्की यांच्या संयमाचा सर्वांनाच उलगडा झाला असे नाही. १९८० च्या ऑगस्टात संपकरी कामगारांना त्यांनी सबुरीचा उपदेश केला, तेव्हा अनेकांना तो कचखाऊ वाटला. देशबांधवांचे रक्त सांडू नये, ही चिंता त्यांना अखेरपर्यंत होती. १९७८ मध्ये त्यांचे सहकारी कारोल वोइतिवा पोप दुसरे जॉन पॉल झाले आणि १९७९ मध्ये मायदेशी आले. त्या वेळी लोटलेला जनसागर पाहण्याचे भाग्य विशिन्स्की यांना लाभले. २८ मे १९८१ रोजी त्यांनी देह ठेवला. साम्यवादी सत्ता १९८९ मध्ये गेली, ती पाहावयास ते नव्हते. २०२१ मध्ये चर्चने त्यांना धन्य म्हणून घोषित केले.

आम्हांस या चरित्रात सर्वांत मोलाची वाटते ती रिकामी चौकट. जो स्वतः तीन वर्षे रिकाम्या खुर्चीच्या रूपानेच आपल्या लोकांत वावरला, त्याला चित्र नेल्याने माता जात नाही हे निराळे सांगावे लागले नसेल. त्याच्या लोकांनाही ते उमगले होते, म्हणूनच ते न थांबता चालत राहिले.