बादली, मग आणि डाइक्स्ट्रा

मी पडले कॉन्व्हेंटची, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

गेल्या सेमला ओएसच्या लॅबमध्ये मी लूपमध्ये फोर्क टाकला आणि थांबायची अटच विसरले. एका प्रोसेसच्या दोन, दोनाच्या चार... बघता बघता सर्व्हर हँग! अख्ख्या बॅचचं सेव्ह न केलेलं काम गेलं. त्या रात्री मेसमध्ये माझ्या टेबलावर मी एकटीच. सर मात्र रागावले नाहीत. एड्सगर डाइक्स्ट्रा वाच, एवढंच म्हणाले.

हो, तेच आपले शॉर्टेस्ट पाथवाले. जन्म ११ मे १९३०, नेदरलँड्समधलं रॉटरडॅम. वडील केमिस्ट्रीचे शिक्षक, आई गणितातली. शिकले फिजिक्स, पण १९५२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रॅमर म्हणून लागले. १९५७ साली लग्नाच्या फॉर्मवर त्यांनी तोच व्यवसाय लिहिला, तर असा काही व्यवसायच नसतो म्हणून नगरपालिकेने तो नाकारला!

१९६२ पासून ते आइंडहोव्हनला प्राध्यापक होते. तिथे मोजक्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी एक्स-८ या मशिनसाठी ऑपरेटिंग सिस्टिम बनवली. मशिन एक, प्रोग्रॅम अनेक, म्हणजे भांडण आलंच. आपल्या हॉस्टेलचंच बघा ना. एकीच्या हातात बादली, दुसरीच्या हातात मग. दोघी अडून बसल्या तर आंघोळ कोणाचीच नाही. हाच डेडलॉक! पाळी सांभाळायला डाइक्स्ट्रांनी सेमाफोर आणला. डेडलॉक टाळायला बँकरचा अल्गोरिदम दिला. प्रत्येकाने जास्तीत जास्त किती लागेल ते आधी सांगायचं. सगळ्यांची कामं पुरी होतील अशी वाट शिल्लक राहत असेल, तरच बँकर कर्ज देणार. नाहीतर थांबा.

१९७२ चं ट्युरिंग अवॉर्ड त्यांना मिळालं. १९८४ पासून ते ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात होते. गंमत म्हणजे कॉम्प्युटरचा हा माणूस लिहायचा फाउंटन पेनने! अशी तेराशेहून जास्त टिपणं मागे ठेवून ६ ऑगस्ट २००२ रोजी ते गेले.

नंतर सरांनी लॅबच्या लिनक्सवर कंट्रोल ग्रुप लावले. ही सोय कर्नलमध्ये २००८ साली आली. प्रत्येकीच्या सगळ्या प्रोसेस एका गटात. त्या गटाला सीपीयू किती, मेमरी किती, प्रोसेस किती, हे ठरलेलं. पोरं-नातवंडं कितीही जन्मली तरी मोजणी त्याच गटात. यात डाइक्स्ट्रांचा बँकर तसाच्या तसा बसलेला नाही. इथे कोणी हिशोब करून कर्ज देत नाही, सरळ मर्यादा घालतात. पण सामायिक वस्तूचा हिशोब भांडणाच्या आधी करायचा, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

परवा मुद्दाम तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवला. माझा फोर्क अडला, शेजारणीचं काम चालूच राहिलं. तिनं वर बघितलंसुद्धा नाही. तेव्हा आठवलं, अख्ख्या बॅचला सॉरी म्हणायचं राहूनच गेलंय. म्हणून हा लेख.