हैदराबादचे रहीमसाहेब

4 सप्टेंबर 1962 रोजी जकार्ता येथे भारताने दक्षिण कोरियाचा 2-1 असा पराभव करून आशियाई क्रीडास्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले. त्या गोष्टीला आता साठाहून अधिक वर्षे लोटली, पण ते पदक पुन्हा आपल्या हाती लागलेले नाही. हा संघ ज्यांनी घडविला ते सय्यद अब्दुल रहीम पेशाने शाळामास्तर होते. 2024 साली आलेल्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटामुळे त्यांचे नाव नव्या पिढीच्या कानावर पडले, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र पडद्यावर सामने दिसतात, त्यामागची वीस वर्षांची मेहनत फारशी दिसत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

रहीमसाहेबांचा जन्म 17 ऑगस्ट 1909 रोजी हैदराबाद शहरात झाला. त्या काळी आपला मराठवाडाही त्याच संस्थानात होता. उच्च शिक्षण उर्दूतून देणाऱ्या उस्मानिया विद्यापीठाच्या वातावरणात ते वाढले, तेथेच फुटबॉल खेळले आणि पुढे शिक्षक झाले. काचीगुडा, दारुल-उलूम, चादरघाट अशा शाळांतून त्यांनी नोकरी केली. शारीरिक शिक्षणाची पदविका घेतल्यावर शाळेतील खेळांची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. वर्गात शिकविणारा आणि मैदानावर शिकविणारा माणूस एकच असला म्हणजे काय होते, याचे हे उत्तम उदाहरण होय. खेळाडूला ओरडून काही येत नाही, त्याला समजावून, करून दाखवून आणि पुन्हा पुन्हा करवून घ्यावे लागते, हे मास्तर माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

1943 साली ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस झाले व अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्या कार्याचा खरा पाया येथे आहे. त्यांनी गावातल्या पोरांसाठी अजब वाटाव्यात अशा स्पर्धा भरविल्या. एका स्पर्धेत चेंडू पायात खेळवत नेण्यास मनाई, म्हणजे चेंडू मिळाला की लगेच सोबत्याला द्यायचा. दुसऱ्या स्पर्धेत फक्त कमजोर पायानेच खेळायचे. उजव्या पायाच्या पोराने डावा पाय वापरायचा. कमी उंचीच्या मुलांसाठीही त्यांनी स्वतंत्र स्पर्धा ठेवल्या, म्हणजे धिप्पाड मुलांच्या धक्काबुक्कीत लहान चणीची हुशार मुले मागे पडू नयेत. पालकांनी येथे जरा थांबून विचार करावा. अशा स्पर्धांना स्टेडियम लागत नाही की परदेशी शिक्षक लागत नाही. चेंडू, मोकळी जागा आणि नियम पाळून घेणारा एक माणूस एवढे पुरते. (आपल्या साकीनाक्याला गाळे आणि गोदामे यांच्या दाटीत मोकळी जागा हीच सर्वांत महाग वस्तू झाली आहे, हे मला मान्य आहे.)

1950 पासून ते हैदराबाद सिटी पोलीस संघाला शिकवू लागले आणि मुंबईकरांना त्यांच्या कामाचा प्रत्यय आला. कुपरेजच्या मैदानावर होणारा रोव्हर्स चषक त्या काळी देशातील मोठ्या स्पर्धांपैकी एक होता. तो या पोलीस संघाने 1950 ते 1954 असा सलग पाच वेळा जिंकून नेला. कलकत्त्याच्या नामांकित संघांचा त्या काळचा दबदबा लक्षात घेतला तर ही केवढी कामगिरी आहे हे कळते. नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, लतीफ, झुल्फिकारुद्दीन, बलराम असे हैदराबादी तालमीतले खेळाडू पुढे भारतातर्फे ऑलिंपिकमध्ये खेळले.

राष्ट्रीय संघाचे शिक्षक म्हणून रहीमसाहेबांचे पहिले मोठे यश 1951 चे. दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात इराणला 1-0 असे हरविले. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपला 10-1 असा धुव्वा उडविला. आपले कित्येक खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत असत. हा पराभव देशाला झोंबला आणि त्यानंतर फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. रहीमसाहेबांनी स्वतः त्या काळच्या हंगेरी संघाची नवी रचना पाहून आपल्या संघाची मांडणी बदलली. म्हणजे त्या पराभवातून देशातला खेळ सुधारला. विजयाने तसे काही झाले काय?

1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये 1 डिसेंबर रोजी भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 असे नमविले. त्यांतील तीन गोल आपल्या मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझा यांचे होते. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचलेला भारत हा आशियातील पहिलाच देश. पुढे युगोस्लाव्हिया आणि बल्गेरिया यांच्याकडून हार पत्करून चौथा क्रमांक मिळाला. 1960 ला रोममध्ये फ्रान्सशी 1-1 अशी बरोबरी झाली. त्या संघात साहेबांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम हेही होते. ते पुढे आंतरराष्ट्रीय पंच झाले.

मग आले जकार्ता. पहिलाच सामना कोरियाने 2-0 असा जिंकला. थायलंडविरुद्धच्या सामन्यात बचावपटू जर्नेलसिंग यांचे डोके फुटले, टाके पडले. संयोजक देशाने इस्रायल व तैवान यांना वगळल्याबद्दल एका भारतीय पदाधिकाऱ्याने आक्षेप घेतल्यामुळे प्रेक्षक भारतावर खवळलेले होते. अशा स्थितीत रहीमसाहेबांनी जर्नेलसिंगना बचावातून काढून थेट आघाडीवर खेळविले! जखमी डोक्याच्या बचावपटूला गोल करायला पाठविणे हा जुगार वाटेल. पण जो मास्तर आपल्या विद्यार्थ्याची ताकद नेमकी ओळखतो त्याला तो हिशेबच वाटतो. अंतिम सामन्यात लाखभर प्रेक्षकांच्या आरडाओरडीत पी. के. बॅनर्जी यांनी एक व जर्नेलसिंग यांनी दुसरा गोल केला. संघनायक होते चुनी गोस्वामी. साहेबांच्या शरीरात तेव्हा कर्करोग शिरलेला होता.

एवढ्या मोठ्या यशाने देशातल्या फुटबॉलला काय मिळाले? माझ्या मते, फारच थोडे. 20 ऑक्टोबर 1962 रोजी चीनचे आक्रमण झाले आणि दीड महिन्यापूर्वीचे पदक लोकांच्या मनातून बाजूला पडले, ते साहजिकच होते. पण युद्ध संपल्यावरही काही घडले नाही. ऑलिंपिकमध्ये सामना नव्वद मिनिटांचा, आपल्याकडे मात्र पुढची अनेक वर्षे सत्तर मिनिटांचाच राहिला. राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू व्हायला 1996 उजाडले. रोमनंतर आपण एकदाही ऑलिंपिक फुटबॉलला पात्र ठरलो नाही.

यावर कोणी क्रिकेटचा दाखला देईल. 1983 चा विश्वचषक जिंकल्यावर गल्लोगल्ली बॅट आली, हे खरे आहे. परंतु त्या वेळी दूरदर्शन घराघरांत पोहोचत होते, आणि विजयानंतर पाहायला सामन्यांमागून सामने होते. उलट 1975 साली आपण हॉकीचा विश्वचषक जिंकला, पण देशात कृत्रिम मैदाने झाली नाहीत आणि पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये सातव्या क्रमांकावर घसरलो. पदकाने लोकांचे लक्ष वेधले जाते, तेही काही आठवडे. तेवढ्यात मुलाला खेळायला जागा, शिक्षक आणि दर आठवड्याचा सामना मिळाला तर ते लक्ष टिकते. रहीमसाहेबांच्या बाबतीत क्रमच उलटा होता. आधी हैदराबादच्या गल्लीतल्या स्पर्धा, मग रोव्हर्स चषक, आणि त्यानंतर मेलबर्न व जकार्ता.

आज साकीनाक्याहून मेट्रोने आझादनगरला उतरले की अंधेरीचे क्रीडासंकुल जवळच आहे. 2016 पासून तेथे मुंबई सिटी संघाचे सामने होऊ लागले आणि आपली पोरे दूरचित्रवाणीवर युरोपातले संघ पाहून त्यांचे शर्टही घालतात. आवड आहेच. रोव्हर्स चषक मात्र 2001 नंतर बंद पडला.

रहीमसाहेब 11 जून 1963 रोजी, वयाच्या अवघ्या 53 व्या वर्षी, पैगंबरवासी झाले. उत्तम प्रशिक्षकांना द्रोणाचार्य पुरस्कार देण्याची प्रथा 1985 साली सुरू झाली. त्यांच्या हयातीत तसे काही नव्हते. हैदराबादने 1956 व 1957 ची संतोष ट्रॉफी जिंकली होती आणि त्यांच्या पश्चात 1965 साली आंध्र प्रदेशाने ती पुन्हा मिळविली. त्यानंतर ती हैदराबादकडे आलेली नाही.