कॅल्क्युलेटर नव्हता, तेव्हाची गोष्ट

बारावीच्या केमिस्ट्रीत अऱ्हेनियस दोनदा भेटतो. एकदा आम्ल-अल्कलीच्या व्याख्येत, दुसऱ्यांदा अभिक्रियेच्या वेगाच्या समीकरणात. सीईटीच्या धसक्यानं दोन्ही पाठ होतात. पण याच माणसानं चंद्राच्या मोजमापांवरून पृथ्वी किती तापेल याचं गणित मांडलं होतं, हे क्लासमध्ये कुणी सांगत नाही.

स्वांटे अऱ्हेनियस 1859 मध्ये स्वीडनमधल्या उप्सालाजवळ जन्मला. पाण्यात विरघळलेले क्षार वीज कशी वाहून नेतात, यावर 1884 मध्ये त्यानं प्रबंध दिला. परीक्षकांनी दर्जा इतका खालचा दिला की विद्यापीठात शिकवायची दारं जवळपास बंदच. मग पठ्ठ्यानं प्रबंधाच्या प्रती परदेशी शास्त्रज्ञांना धाडल्या. रीगाहून ऑस्टवाल्ड थेट उप्सालात येऊन धडकला आणि त्यानं नोकरी देऊ केली. याच कामाच्या जोरावर पुढे 1903 चं नोबेल मिळालं.

1894 मध्ये सोफिया रुडबेक या आपल्या विद्यार्थिनीशी त्यानं लग्न केलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एक आकडेमोड हाती घेतली. प्रश्न हिमयुगाचा होता. हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी झाला, तर पृथ्वी गारठेल का? आणि वाढला तर?

जमिनीतून निघणारी इन्फ्रारेड किरणं हवेतले वायू किती अडवतात, हे आधी कळायला हवं. ते मोजायची सोय त्याच्याकडे नव्हती. पण अमेरिकेत लँग्लीनं चंद्राचं तापमान काढण्यासाठी चंद्रावरून येणारी इन्फ्रारेड किरणं मोजून ठेवली होती. चंद्र डोक्यावर असताना किरणं कमी हवेतून येतात, क्षितिजाजवळ असताना जास्त हवेतून. म्हणजे दोन मोजमापांतला फरक हा हवेनं गिळलेला वाटा! दुसऱ्याच कामाच्या आकड्यांतून हे हेरणं मला तरी नोबेलच्या कामाइतकंच भारी वाटतं.

मग सुरू झाली खरी मेहनत. दर दहा अक्षांशांचा पट्टा, प्रत्येकाचे चार ऋतू, कार्बन डायऑक्साइडची वेगवेगळी प्रमाणं. त्यात हवा तापली की वाफ वाढते, वाफही उष्णता अडवते, म्हणून पुन्हा पहिल्यापासून गणित. सगळं कागदावर, हातानं. वर्षभर तो यातच बुडाला होता. 1895 मध्ये मुलगा झाला, पण संसार टिकला नाही. 1896 मध्ये दोघं वेगळे झाले.

त्याच वर्षी निबंध छापून आला. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला, तर तापमान 5 ते 6 अंशांनी वाढेल, असं उत्तर निघालं होतं.

आज अशी गणितं ऑनलाइन कॅल्क्युलेटर करतो. वायू निवडायचा, तापमान, दाब आणि किरणांना वायूतून कापायचं अंतर भरायचं. कोणत्या तरंगलांबीला किती इन्फ्रारेड शोषलं जाईल, किती बाहेर पडेल, याचा आलेख लगेच समोर. बॉयलरमधला तापलेला धूर असो वा आपल्या डोक्यावरची हवा, मुख्य वायू तेच दोन: कार्बन डायऑक्साइड आणि वाफ. नायट्रोजन-ऑक्सिजन जवळपास मोजावेच लागत नाहीत.

अऱ्हेनियसचा आकडा थोडा जास्तच निघाला. कार्बन डायऑक्साइडचा 15 मायक्रॉनजवळचा महत्त्वाचा पट्टा लँग्लीच्या मोजमापांत नीट आलाच नव्हता. तरी आजचा 2.5 ते 4 अंशांचा अंदाज पाहिला, तर कागद-पेन्सिलवाला फार लांब नव्हता.

कोळसा जाळून प्रमाण दुप्पट व्हायला हजारो वर्षं लागतील, असं मात्र त्याला तेव्हा वाटलं होतं. शिवाय स्वीडनच्या थंडीत वाढलेला माणूस. थोडी ऊब वाढली तर चांगलंच, पिकं जोमानं येतील, असंच तो लिहीत राहिला. 1927 मध्ये स्टॉकहोममध्ये तो गेला. हवाईतल्या मौना लोआवर कार्बन डायऑक्साइड रोजच्या रोज मोजायला सुरुवात झाली ती त्यानंतर 31 वर्षांनी.