रे. ना. वा. टिळक : कृतज्ञतेचा समूहस्वर

रे. नारायण वामन टिळक यांच्या चरित्राचा विचार बहुधा धर्मांतराची घटना आणि ‘फुलामुलांचे कवी’ ही प्रतिमा या दोन केंद्रांभोवती होतो. ईश्वरी कृपेचा आनंद एकट्याने भोगावयाचा की समुदायाने साजरा करावयाचा, हा प्रश्न त्यांच्या उत्तरायुष्याला कसा व्यापून राहिला, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही.

टिळकांचा जन्म १८६१ साली कोकणातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीतील एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. त्यातील गिरिप्रवचनाने ते भारावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या क्षणाला ते आयुष्यातील सर्वांत मोठा आशीर्वाद मानत होते, त्याच क्षणी त्यांचा आनंद वाटून घेणारे कोणीही आप्त उरले नाही. जात सुटली, आप्तेष्ट दुरावले आणि पत्नी लक्ष्मीबाईही काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. कृपा लाभली, पण ती साजरी करावयास घर नव्हते, हा या चरित्रातील मूळ पेच होय.

त्याची उकल दोन पातळ्यांवर झाली. पहिली कौटुंबिक. लक्ष्मीबाई परतल्या, त्यांचे सोवळेओवळे टप्प्याटप्प्याने गळून पडले आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील त्यांच्या घरात पुढे परक्यांच्या मुलांना आसरा मिळाला. तरुण बालकवी ठोमरेही तेथे राहिले. या घराची उघडी पंगत ‘स्मृतिचित्रे’मधून मराठी वाचकाला परिचित आहे. आपल्याला जे मिळाले ते ताटात वाढून दाखविणे, हीच तेथील उपकारस्तुती होती.

दुसरी पातळी उपासनेची. तत्कालीन मराठी मंडळ्यांमध्ये पाश्चात्य चालींवर रचलेल्या अनुवादित गीतांचे मोठे प्रस्थ होते. अशी गीते ओठांवर आली तरी गाणाऱ्याच्या अंगात भिनत नसत. अहमदनगरला कृ. र. सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती. टिळकांनी तिला अभंग, ओवी आणि पदे यांची जोड दिली. येथे छंदाची निवड केवळ वाङ्मयीन राहत नाही. अभंग हा टाळाच्या साथीने, अनेकांच्या कंठातून उमटणारा छंद आहे. ध्रुपद उचलून धरणाऱ्यांवाचून तो पुरा होत नाही. ईश्वराचे उपकार मानण्यासाठी अक्षरओळख नसलेल्या ग्रामीण ख्रिस्ती माणसालाही त्यामुळे स्वतःचा स्वर मिळाला. त्यांतील बहुसंख्य माणसे अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींमधून आलेली होती, हे ध्यानी घेता एका ब्राह्मण कवीचे शब्द त्यांच्यासह एका सुरात गाणे ही सामाजिक कृतीही ठरते. ‘उपासना संगीत’ या संग्रहात टिळकांच्या गीतांचा वाटा मोठा आहे, तो यामुळेच.

तथापि मंडळीची चौकटही त्यांना अपुरी वाटू लागली. १९०४ साली दीक्षित पाळक झालेल्या आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन करणाऱ्या टिळकांनी १९१७ साली मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ आरंभिला. ख्रिस्ताचे शिष्यत्व पत्करणाऱ्या बाप्तिस्मित आणि अबाप्तिस्मित अशा दोहोंना त्यात स्थान होते. ज्या समाजाने आपल्याला दूर लोटले, त्यालाच आपल्या आनंदात सामील करून घेण्याचा हा प्रयत्न होता. मात्र बाप्तिस्म्यावाचून सहभागिता कशी, हा मंडळीचा प्रश्न आणि ख्रिस्तनिष्ठा पत्करून हिंदू समाजात राहावे कसे, हा बाहेरच्यांचा प्रश्न, असे दोन्ही प्रश्न अनुत्तरित राहिले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले आणि संस्था म्हणून दरबार रुजू शकला नाही.

‘ख्रिस्तायन’ही त्यांच्या हातून अपुरेच राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. एकाने आरंभावे आणि दुसऱ्याने स्वर उचलावा, ही कीर्तनाची रीत त्यांच्या संसारातही अशी उतरली. दरबाराची संस्था लोपली, पण उपासनेत गायल्या जाणाऱ्या त्यांच्या अभंगांभोवती जमणारा समुदाय टिकला. टिळकांच्या काव्याचे मूल्यमापन करताना छापील पृष्ठाइतकाच हा गाणारा समुदायही अभ्यासाचा विषय मानला पाहिजे.