रिचर्ड ब्राइट

रिचर्ड ब्राइट (२८ सप्टेंबर १७८९ – १६ डिसेंबर १८५८) हे इंग्लिश वैद्य व मूत्रपिंडविकारांचे आद्य अभ्यासक होते. अंगावरील सूज, लघवीतून जाणारे अल्ब्युमिन हे प्रथिन आणि रोगट मूत्रपिंडे यांचा संबंध त्यांनी दाखवून दिला.

जीवन

ब्रिस्टल येथे जन्मलेले ब्राइट एडिनबरा विद्यापीठात शिकत असताना १८१० साली आइसलँडच्या मोहिमेवर गेले. १८१३ साली त्यांनी वैद्यकाची पदवी मिळवली. १८१८ साली त्यांचे हंगेरीतील प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. १८२० पासून ते लंडनच्या गाय रुग्णालयात काम करू लागले. पहिल्या पत्नी मार्था यांचे लग्नानंतर वर्षभरातच बाळंतपणानंतर निधन झाले.

संशोधन

सर्वांगसूज हा त्याकाळी स्वतंत्र रोग मानला जाई. सुजलेल्या काही रुग्णांची लघवी तापवली असता गोठते, हे दोमेनिको कोतुन्यो यांनी अठराव्या शतकातच पाहिले होते; परंतु त्याचे मूळ मूत्रपिंडात आहे, हे ठरले नव्हते. ब्राइट चमच्यातील लघवी मेणबत्तीवर तापवीत. अंड्यातील पांढऱ्या बलकाप्रमाणे ती गोठली, की अल्ब्युमिन असल्याचे कळे. अशा रुग्णांपैकी जे दगावत त्यांचे शवविच्छेदन ते करीत, तेव्हा मूत्रपिंडे विकृत आढळत. हे निष्कर्ष १८२७ साली प्रसिद्ध झाले. जॉन बोस्टॉक यांच्या रासायनिक तपासणीत अशा रुग्णांच्या रक्तातील अल्ब्युमिन घटलेले आढळले.

निदान साधले तरी उपचार हाती नव्हता. प्रथिने आधीच गमावणाऱ्या रुग्णांचे रक्त काढण्याची तत्कालीन प्रथा ब्राइटही पाळत. आजच्या दृष्टीने ती घातकच होती. १८४२ साली रुग्णालयाने या रुग्णांसाठी दोन कक्ष व प्रयोगशाळा दिली.

आधुनिक स्पष्टीकरण

मूत्रपिंडातील केशिकागुच्छांची चाळण बहुतेक अल्ब्युमिन रक्तातच अडवते. निसटलेले थोडे प्रथिन पुढील नलिकेच्या पेशी मेगॅलिन व क्युबिलिन या ग्राहींद्वारे आत ओढतात. तेथे त्याचे मुख्यत्वे विघटन होऊन अमिनो आम्ले रक्तात परततात. म्हणून निरोगी व्यक्तीच्या लघवीतून दिवसाला सहसा ३० मिलिग्रॅमहून कमी अल्ब्युमिन जाते. चाळण बिघडली, की नलिकांची क्षमता अपुरी पडते. देवगडसारख्या तालुक्याच्या गावी गरोदर स्त्रियांच्या लघवीत प्रथिने तपासतात. चमच्याची जागा तेथे रसायन लावलेल्या पट्टीने घेतली आहे.

मृत्यू

हृदयाच्या महाधमनी झडपेच्या विकाराने लंडन येथे त्यांचे निधन झाले. ‘ब्राइटचा रोग’ या नावाखाली अनेक विकार एकत्र येत असल्याने ती संज्ञा आता मागे पडली आहे.